शिंगराच्या पोटातलं पाणी

तुमच्या कामात तुम्हाला सगळ्यात मोठा आनंद कधी झाला, असं कुणी विचारलं की मी चारचौघांत काहीतरी सभ्य उत्तर देते. खरं उत्तर असं आहे, की एका शिंगराने आमच्या अंगणात चार पायांवर उभं राहून लघवी केली, तेव्हा. संपादकांनी मोकळेपणाने लिहा म्हणून बजावलं आहे, त्यामुळे जबाबदारी त्यांची.

मी जनावरांची डॉक्टर. मुंबईला शिकले. लग्नाआधी काही वर्षं पुण्याजवळच्या एका फार्मवर नोकरी केली. तिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन सांगलीला आले आणि घराच्या मागच्या बाजूला दवाखाना काढला. माणसं म्हैस घेऊन यायची, मला दारात बघायची आणि विचारायची, "डॉक्टर कवा येत्याल?" मी म्हणायची, "आल्यात." मग म्हैस आणि मालक दोघंही माझ्याकडे सारख्याच नजरेने बघायचे.

गाई-म्हशी पुष्कळ यायच्या, घोडे मात्र थोडे. टांग्याची घोडी, वरातीच्या घोड्या आणि आटपाडीकडून उतरणाऱ्या मेंढपाळांची सामान वाहणारी तट्टं. शर्यतीच्या घोड्यांच्या मानाने ही सगळी गरीब पाहुणेमंडळी. पण जन्माला येताना श्रीमंत शिंगराला जी अडचण येते तीच गरिबालाही येते, आणि ती मला ओळखता येत होती.

ती अडचण आधी सांगते. शिंगरू आईच्या पोटात असतं तेव्हा त्याची लघवी नाळेतून बाहेर जाते. त्यासाठी मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी असते. जन्मल्यावर नाळ तुटते, नळी मिटते आणि लघवीला नेहमीची वाट मिळते. बहुतेक वेळा. कधी ती नळी मिटतच नाही आणि बेंबीतून थेंब थेंब गळत राहतं. कधी त्याहून वाईट होतं. बाहेर येताना दाब बसून मूत्राशयच फाटतं. नर शिंगरांत हे जास्त. मग लघवी बाहेर न येता पोटात साठत जाते. सुरुवातीला शिंगरू उड्या मारतं, दूध पितं, कुणाला शंकाही येत नाही. नंतर ते मलूल होतं, पोट तटतटतं आणि शेपटी उचलून कुंथायला लागतं.

कुंथणारं शिंगरू बघितलं की आपल्याकडे निदान एकच, शी अडकली. पुष्कळदा ते खरंही असतं. पाठ वर काढून कुंथलं तर शी, पाठ खाली घालून पाय ताणून कुंथलं तर लघवी, असं पुस्तकात दिलेलं आहे. पण शिंगरांनी पुस्तक वाचलेलं नसतं. कोरेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मला बोलावलं होतं, तिथल्या शिंगराला एरंडेल पाजून झालं होतं, साबणाचं पाणी देऊन झालं होतं. मी पोचले तेव्हा ते शेवटचा श्वास घेत होतं. नंतर पोट उघडलं तर आत सगळी लघवी. घरातली म्हातारी म्हणाली, "आदी दिसलं आसतं तर?" आदी दिसण्याची सोय फक्त फार्मवर होती.

पुढच्याच वर्षी तो फार्म बंद पडला आणि तिथलं सामान विकायला निघालं. तिथलं सोनोग्राफीचं छोटं यंत्र मी आणलं. माझ्या सासूबाईंनी त्यावर टीव्हीवर घालतात तसं क्रोशाचं झाकण घातलं आणि शेजारणींना सांगितलं, "सुनेचं मशीन आहे, चॅनेल लागत नाहीत."

यंत्रात जादू काही नाही. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज ते अंगात सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतं. हाडावरून आवाज जोरात परत येतो, म्हणून हाड पांढरं दिसतं. पाण्यातून काहीच परत येत नाही, म्हणून पाणी काळं. एवढं कळलं की अर्धी विद्या आली. उरलेली अर्धी म्हणजे, हे काळं जिथे असायला हवं तिथेच आहे का, ते सांगणं.

या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक आष्ट्याचे शंकरराव. त्यांची घोडी पांढरीशुभ्र, वरातीची. पाच-पंचवीस गावांतले नवरदेव तिच्यावर बसून गेलेले. तिला झालं ते काळंकुट्ट शिंगरू. त्या शिंगराची बेंबी ओली राहायची म्हणून त्यांनी आणलं होतं, पण त्यांचं दुःख निराळंच होतं.

"म्याडम, आईबी पांढरी, बापबी पांढरा. ह्ये कुनावर गेलंय?"

मी शिंगराच्या पोटावरचे केस भादरले, जेली लावली आणि यंत्राचा दांडा फिरवला. मूत्राशय छान भरलेलं दिसत होतं, काळ्या लिंबासारखं. त्याच्या टोकापासून बेंबीकडे एक काळी रेघ जात होती. मिटायची राहून गेलेली नळी.

"ही बघा, इथून गळतंय. पिशवी शाबूत आहे. औषध देऊ, बेंबी स्वच्छ ठेवू. नळी आपोआप मिटेल."

शंकरराव पडद्यावर वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्यात रंग कळत न्हाई का?"

रंग यंत्रात कळत नव्हता, पण शिंगराच्या डोळ्यांभोवती करडे केस होते. अशा पांढऱ्या घोड्यांची पिल्लं पुष्कळदा काळी जन्मतात आणि वर्षावर्षाला उजळत जातात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बेंबी वाळली, शिंगरू बागडायला लागलं, तरी शंकरराव तोंड पाडूनच होते. दोनेक वर्षांनी ते दवाखान्यात आले ते पेढे घेऊन. "म्याडम, तोंड पांढरं पडाय लागलं!" हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता हिराबाईची गोष्ट.

दिवाळी झाली की आटपाडी-जतकडचे धनगर मेंढ्या घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, म्हणजे लेंडीखत मिळतं. या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. वाड्याचा सगळा संसार घोडीच्या पाठीवर असतो. भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. पुरुष मेंढ्यांबरोबर जातात. घोडी लादणं, हाकणं, नव्या रानात जाऊन बिऱ्हाड मांडणं हे सगळं बायकांचं.

तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदाराचा फोन आला. पाटील म्हणून होते, त्यांच्या म्हशींना मी औषधं देत असे. "मॅडम, आमच्या रानात वाडा बसलाय. त्यांच्या घोडीचं शिंगरू कुंथतंय. तुमचं ते मशीन घेऊन येता का?"

यंत्र व्हॅनमध्ये घातलं आणि गेले. बेदाण्याचा हंगाम होता, शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली. शेडच्या सावलीला एक तपकिरी घोडी उभी होती आणि तिच्या पायाशी शिंगरू आडवं पडलं होतं. नर, पोट नगाऱ्यासारखं. घोडीच्या सडातून दूध गळून जमिनीवर पांढरे थेंब पडत होते. पिणारंच पीत नव्हतं.

शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन एक चाळिशीची बाई बसली होती, ती हिराबाई. तिचा नवरा बिरू जरा लांब काठी टेकून उभा होता. त्याच्याशेजारी त्याचा थोरला भाऊ. वाड्याचा कारभार त्याच्या शब्दावर चाले.

थोरला म्हणाला, "बाई, तुमाला उगाच हेलपाटा. उद्या सकाळी आमी हाललो. पुढल्या रानाचा सबूद दिलाय. आजारी शिंगरू कोन उचलून न्ह्यायचं?"

हिराबाईने वर बघितलं नाही. "मी न्हीन," ती म्हणाली.

ती मला हलक्या आवाजात सांगू लागली. "ही घोडी माझ्या सासूच्या घोडीची लेक. म्हातारी झाली आता. गेली दोन वरसं गाभ धरला न्हवता. ह्ये शेवटचं. ह्ये गेलं तर पुढं वझं कुनी व्हायचं? आन्..." तिने शिंगराचा कान कुरवाळला. "आन् लय गुणाचं हाय वं. जल्मल्या जल्मल्या माझ्या पदराला हुंगत हुतं."

पाटलांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून लांब वायर ओढून दिली. यंत्र सुरू झालं, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. शेडमध्येही उजेड भरलेला. मी इकडेतिकडे बघते आहे तोवर हिराबाईने तिचं काळं घोंगडं आणलं आणि माझ्या, यंत्राच्या, शिंगराच्या आणि स्वतःच्या डोक्यावरून घातलं.

आत मिट्ट काळोख झाला. मेंढीच्या लोकरीचा, धुराचा, दुधाचा वास. पडद्याचा निळसर उजेड हिराबाईच्या तोंडावर पडला होता. मी दांडा पोटावर टेकवला आणि सगळा पडदा काळा झाला.

"काय दिसंना," ती म्हणाली.

"दिसतंय. हे काळं म्हणजे पाणी."

"येवढं?"

त्या काळ्या पाण्यात आतडी हलत होती, नदीच्या डोहात शेवाळ हलावं तशी. मी दांडा खाली सरकवला. मूत्राशय भरलेलं, गोल दिसायला हवं होतं. तिथे चुरगाळलेलं काहीतरी तरंगत होतं, हवा गेलेल्या फुग्यासारखं.

"ही लघवीची पिशवी," मी म्हटलं. "ही फाटली आहे. लघवी सगळी पोटात सांडते."

हिराबाईने पडद्यावरच्या त्या पिशवीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "म्हंजी पान्याची पखाल फुटली."

"हो. पखालच फुटली."

"पखाल फुटली तर शिवत्यात की."

"शिवता येईल," मी म्हटलं. "पण खात्री देत नाही. पोट उघडावं लागेल. सांगलीला न्यावं लागेल. जगेल किंवा मरेल."

तिने घोंगडं दूर केलं आणि उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली. थोरल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी सांगलीला जाती. तुमी हाला म्होरं."

"आन् आमच्या भाकरी?" थोरल्याने विचारलं.

तेव्हा बिरू पहिल्यांदा बोलला. "भाकरी म्या थापतो," तो म्हणाला. त्यावर तिथे उभे असलेले सगळे, पाटलांसकट, हसले. बिरूही हसला, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

पाटलांनी द्राक्षांचा टेम्पो दिला. घोडी जन्मात टेम्पोत चढली नव्हती. आम्ही आधी शिंगराला आत ठेवलं, हिराबाई त्याच्याजवळ बसली, आणि घोडी फळीवर खूर वाजवत आपणहून वर गेली.

रहिमतपूरला माझे एक ज्येष्ठ सहकारी राहत, निकम डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हात अतिशय सफाईचा. बैलाच्या पोटातून तारेपासून चपलेपर्यंत सगळं काढलेले. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, शिंगराचं मूत्राशय मी आयुष्यात शिवलेलं नाही."

"मी फार्मवर शिवताना बघितलंय."

"मग झालं तर. तुम्ही सांगा, मी शिवतो." आणि हत्यारांची पेटी घेऊन ते एसटीने निघाले.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. पिशवी फाटली आहे हे दिसल्यावर लगेच सुरी चालवायची नसते. पोटात साठलेल्या लघवीतले क्षार परत रक्तात शिरतात. अशा रक्तावर भूल दिली तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. म्हणून आधी शिरेतून सलाईन द्यायचं, पोटातलं पाणी नळीने हळूहळू काढायचं, रक्त ताळ्यावर येऊ द्यायचं. थांबायचं. कुठल्याही उपचारात हे सगळ्यात अवघड.

हिराबाईला वाटलं, आम्ही चालढकल करतो आहोत. "आवं, शिवा की लवकर!" ती दर थोड्या वेळाने दारातून म्हणायची. मी तिला म्हटलं, "हिराबाई, भिजलेल्या पखालीला कुणी टाके घालतं का? आधी निथळू दे." हे तिला पटलं. मग ती अंगणात घोडीची धार काढत बसली, कारण सड तुंबून चालणार नव्हतं.

आमच्या गल्लीने अंगणात बांधलेली घोडी कधी बघितली नव्हती. समोरच्या निवृत्त शिक्षिका लिमयेबाई दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं तोडायला आल्या, त्या तिथेच थांबल्या. हिराबाईने त्यांना सगळी हकीकत सांगितली, पखालीसकट. थोड्याच वेळात ती गल्लीभर झाली.

शस्त्रक्रिया आम्ही त्याच सकाळी केली. मी भूल सांभाळत होते, एक हात शिंगराच्या छातीवर. निकम डॉक्टर टाके घालत होते. फाट पिशवीच्या वरच्या बाजूला होती, बोटभर. डॉक्टर नुसते नाकातून श्वास सोडत होते. खिडकीबाहेर घोडी सारखी खिंकाळत होती आणि हिराबाई तिला समजावत होती, "गप गं बाय, शिवत्यात. गप."

मधेच शिंगराचं हृदय अडखळलं. माझ्या तळव्याखाली एक ठोका चुकला, मग दुसरा.

"थांबा," मी म्हटलं.

निकम डॉक्टरांचा हात हवेत तसाच थांबला. मी भूल कमी केली, सलाईन वाढवलं. तो काळ किती गेला मला सांगता येणार नाही. मग ठोके परत आले, एकामागून एक, दिंडीतल्या पावलांसारखे ठेक्यात.

"चालू द्या."

पिशवी शिवून झाल्यावर तिच्यात नळीने पाणी भरून बघितलं. एक थेंबही गळला नाही. निकम डॉक्टरांनी तेव्हा कुठे मान वर केली आणि म्हणाले, "मॅडम, चहा मिळेल का?"

शिंगरू शुद्धीवर आलं, धडपडत उठलं, पडलं, परत उठलं. आईजवळ गेलं आणि दुधाला तोंड लावलं. हिराबाई भिंतीला टेकून रडायला लागली. पण आमचा जीव अजून टांगलेलाच होता. शिवलेली पिशवी भरते आहे की नाही, आणि वाट मोकळी आहे की नाही, हे शिंगराने स्वतः दाखवायचं होतं. यंत्रात बघितलं तर काळं लिंबू हळूहळू मोठं होत होतं. पण शिंगरू काही मनावर घेईना.

लिमयेबाई कुंपणावरून विचारायच्या, "झाली का?"

"नाही अजून."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने विचारलं. पोस्टमननेही विचारलं. माझ्या सासूबाईंनी लघवी हा शब्द आयुष्यात मोठ्याने उच्चारला नसेल. त्या देवघरातून ओरडल्या, "अगं, केली का त्याने?"

निकम डॉक्टर गाडी चुकवून पायरीवर बसले होते, पांढरीशुभ्र विजार घातलेले. शिंगरू चुळबुळत त्यांच्याजवळ आलं. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. शिंगराने पाय ताणले, पाठ खाली घातली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो.

आधी दोन-चार थेंब. मग धार. चांगली, जाड, पिवळी, थेट निकम डॉक्टरांच्या विजारीवर.

ते हलले नाहीत. दोन्ही हात वर करून बसून राहिले आणि म्हणाले, "होऊ दे रे राजा, होऊ दे. सगळी होऊ दे."

लिमयेबाईंनी टाळ्या वाजवल्या. किराणा दुकानदाराने भडंगाची पिशवी फोडून सगळ्यांना वाटली. हिराबाईने शिंगराच्या कपाळावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि निकम डॉक्टरांची विजार धुऊन द्यायचा हट्ट धरला. तो मात्र डॉक्टरांनी मानला नाही. सासूबाईंनी माझ्या यजमानांचं धोतर काढून दिलं. ते नेसून निकम डॉक्टर रहिमतपूरला परत गेले.

टाके काढेपर्यंत हिराबाई आमच्या अंगणातच राहिली. तिने सासूबाईंना हुलग्याचं माडगं करायला शिकवलं. पुढे बिरू तिला न्यायला आला. वाळलेला दिसत होता.

"भाकरी जमल्या का?" मी विचारलं.

"मला जमल्या," तो म्हणाला. "दादाला खायाला जमंनात."

पुढे टांगे गेले, रिक्षा आल्या. घोडी कमी झाली तशी शिंगरंही कमी झाली. यंत्राचा पडदा एक दिवस विझला आणि दुरुस्त करणारा कुणी मिळाला नाही. त्याहून चांगली यंत्रं आली, पण ज्यांच्यासाठी मी ते आणलं होतं ती पाठीवर संसार वाहणारी कुळं रस्त्यावर दिसेनाशी झाली. त्याची हळहळ वाटते. तरी मनात येतं, एवढ्याशा यंत्रातून मला जेवढं बघायला मिळालं तेवढं पुष्कळांना मिळत नाही.

त्या घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी मी एसटीने तासगावहून परत येत होते. वाटेत मेंढरं आडवी आली आणि गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मी खिडकीतून बघते तर कळपामागून एक तपकिरी घोडा येत होता, पाठीवर भांडी, घोंगडी आणि दोन्ही बाजूंना झोळीत कोकरं. त्याच्या पुढे हिराबाई.

मी हाक मारली. तिने वर बघितलं आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आता तर गाडी हलण्याची आशाच नव्हती.

"आवं बाई! वळाकलं का ह्याला?" असं म्हणत ती घोड्याला थेट गाडीच्या दाराशी घेऊन आली. "आवं कंडक्टर, खाली उतरा. ह्याची पिशवी फाटली हुती, ह्या बाईंनी शिवली. ह्या बघा, खिडकीतल्या!"

सगळी गाडी एका बाजूला कलली. माणसं खिडक्यांतून वाकून घोड्याच्या पोटाकडे बघू लागली. कंडक्टर खरंच खाली उतरला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ शोधत राहिला. केस दाट वाढले होते.

"कुठाय टाका?" त्याने विचारलं. "काय दिसत न्हाई."

"दिसत न्हाई," हिराबाई म्हणाली, "म्हून तर सांगाय लागतंय."